पावसातल्या मोर्चातला प्रश्न

शुक्रवारी, १२ मार्च २००४ रोजी संध्याकाळी माद्रिदमध्ये पाऊस पडत होता आणि तरीही रस्त्यावर सुमारे वीस लाख माणसे उतरली होती. आदल्या सकाळी कामावर निघालेल्या लोकांनी भरलेल्या चार उपनगरी गाड्यांत तीन-चार मिनिटांच्या आत दहा स्फोट झाले होते. आतोचा स्थानकात, त्याच्या अलीकडच्या रुळांवर, एल पोसो आणि सांता एउहेनिया या कामगारवस्तीतल्या स्थानकांवर मिळून १९०हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती. त्यांत विद्यार्थी होते, बांधकामावरचे मजूर होते, रुमानियाहून आणि दक्षिण अमेरिकेतून पोटासाठी आलेली माणसे होती. निषेध मोर्चाची हाक सरकारनेच दिली होती. पंतप्रधान होसे मारिया आस्नार सर्वांच्या पुढे चालत होते. त्यांच्या रांगेत विरोधी पक्षांचे नेते, युरोपातले काही सरकारप्रमुख आणि स्पेनचे युवराजही होते. दोन दिवसांनी सार्वत्रिक निवडणुकीचे मतदान होते. अशा वेळी जनता नेत्यामागे निमूट उभी राहते, असा सार्वत्रिक अनुभव आहे. माद्रिदच्या त्या गर्दीतून मात्र मृतांसाठीच्या घोषणांबरोबर एक प्रश्न पुन्हा पुन्हा उठत राहिला : हे कोणी केले?

परदेशात कुठे हल्ला झाला आणि तिथल्या नेत्याची गंभीर मुद्रा, आवळलेली मूठ, घटनास्थळाची भेट असे सारे पडद्यावर दिसू लागले, की मला त्या मोर्चाची आठवण होते. शोक करणाऱ्या माणसाने प्रश्न विचारू नयेत, विचारले तर तो मृतांचा अवमान ठरतो, असे आपल्याला जवळजवळ सगळीकडे शिकवले जाते. माद्रिदच्या लोकांनी एकाच संध्याकाळी, एकाच रस्त्यावर, दोन्ही गोष्टी केल्या. त्यांचा संशय त्यांच्या शोकातूनच आला होता, असे मला मनापासून वाटते आणि म्हणूनच त्या चार दिवसांची हकीकत सविस्तर सांगावीशी वाटते.

ती समजून घ्यायची तर आधी आस्नार यांची प्रतिमा कशी घडली ते पाहिले पाहिजे. १९ एप्रिल १९९५ रोजी, ते विरोधी पक्षनेते असताना, बास्क फुटीरतावादी संघटना 'एटा'ने माद्रिदमध्ये त्यांच्या मोटारीजवळ मोठा स्फोट घडवला. मोटार चिलखती होती म्हणून ते वाचले. शेजारच्या घरातली एक स्त्री त्या स्फोटातल्या जखमांनी पुढे दगावली. धुराने काळवंडलेल्या मोटारीतून ते स्वतःच्या पायांनी बाहेर आले आणि पुढच्या वर्षी देशाचे पंतप्रधान झाले. १९९७च्या जुलैमध्ये त्यांच्याच पक्षाचा मिगेल आन्हेल ब्लांको हा एर्मुआ गावचा तरुण नगरसेवक एटाने पळवून नेऊन मारला, तेव्हा लाखो लोक रस्त्यावर आले. एटापुढे न झुकणारा माणूस ही आस्नार यांची ओळख त्यांनी जिवावर बेतलेल्या प्रसंगातून आणि सहकाऱ्यांच्या अंत्ययात्रांतून कमावली होती. जाहिरातदारांनी बनवून दिलेली ती नव्हती. तिच्याविषयी मला आदर आहे. पण कमावलेल्या प्रतिमेचाही एक धोका असतो. एका शत्रूशी लढण्यात ज्याचे सारे सार्वजनिक आयुष्य गेले, त्याला प्रत्येक धुरामागे तोच शत्रू दिसू लागतो, आणि भोवतालच्या कोणालाही 'दुसरे कोणी असेल तर?' असे विचारण्याची हिंमत उरत नाही.

११ मार्चच्या सकाळी एटावर संशय घेणे अजिबात गैर नव्हते, हेही सांगितले पाहिजे. २००३च्या नाताळच्या आदल्या दिवशीच एटाने माद्रिदच्या चामार्तिन स्थानकात जाणाऱ्या गाडीत स्फोट घडवण्याचा बेत केला होता, आणि २००४च्या फेब्रुवारीअखेर राजधानीकडे निघालेली, पाचशे किलोहून अधिक स्फोटकांनी भरलेली एटाची मोटार पोलिसांनी पकडली होती. बास्क प्रांताचे राष्ट्रवादी मुख्यमंत्री इबारेचे यांनीही त्या सकाळी एटालाच दोष दिला. पहिल्या दोन-तीन तासांत आस्नार यांनी कोणाला फसवले असे मी म्हणणार नाही. त्यांना जे वाटले ते देशातल्या बहुतेकांना वाटले होते.

माझा आक्षेप त्यानंतरच्या तासांबद्दल आहे. दुपारी गृहमंत्री आन्हेल आसेबेस यांनी एटाच्या दोषाविषयी शंकाच नसल्याचे जाहीर केले आणि लक्ष दुसरीकडे वळवू पाहणाऱ्यांना हीन ठरवले. आस्नार यांनी मोठ्या दैनिकांच्या संपादकांना स्वतः दूरध्वनी करून तेच सांगितले. 'एल पाईस'च्या त्या दिवशीच्या विशेष अंकाचा 'दहशतवादी हत्याकांड' असा ठरलेला मथळा बदलून तिथे एटाचे नाव आले, ते या संभाषणानंतर. परराष्ट्रमंत्री आना पालासियो यांनी जगभरच्या स्पॅनिश राजदूतांना, संधी मिळेल तिथे एटाची जबाबदारी ठामपणे सांगावी, अशी तार पाठवली. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने त्याच दिवशी ठराव क्रमांक १५३० संमत केला आणि त्यात स्पेनच्या आग्रहावरून एटाचे नाव घातले. तपास सुरू होऊन दिवसही उलटला नव्हता, आणि निष्कर्ष आंतरराष्ट्रीय दस्तऐवजात उमटला होता.

दरम्यान, ज्या स्थानकावरून या गाड्या आल्या होत्या त्या अल्काला दे एनारेस येथे पोलिसांना एक बेवारस व्हॅन सापडली होती. तीत डिटोनेटर होते आणि कुराणातील आयतांची एक अरबी ध्वनिफीत होती. संध्याकाळी आसेबेस यांनी ही माहिती दिली, पण तपासाचा मुख्य रोख एटावरच असल्याचे सांगितले. त्या रात्री वायेकासच्या पोलीस ठाण्यात, गाड्यांतून गोळा केलेल्या सामानात, न फुटलेला बाँब असलेली एक बॅग निघाली आणि तिच्यातला मोबाइल फोन व सिमकार्ड तपासाला वेगळ्याच दिशेने घेऊन गेले. शुक्रवारी एटाने हल्ल्याशी संबंध नाकारला. शनिवारी पाच जणांना अटक झाली : तीन मोरोक्कोचे आणि दोन भारतीय. फोन आणि कार्डांच्या विक्रीच्या धाग्यावरून पकडलेले ते दोघे भारतीय पुढे सुटले.

यातले बरेचसे लोकांना तासातासाला कळत होते. परदेशी वाहिन्या आणि वर्तमानपत्रे अल-कायदाची शक्यता उघडपणे मांडत होती आणि स्पेनमध्ये सरकार एटावर अडून होते. हिशेब सोपा होता, आणि तो करायला कोणी राजकारणाचा अभ्यासक असण्याची गरज नव्हती. हल्ला एटाचा असेल तर एटाविरुद्ध कणखर असलेल्या पक्षाला मते मिळणार. हल्ला इराक युद्धाचा सूड म्हणून झाला असेल तर त्या युद्धात देशाला ओढणाऱ्या नेत्याला जाब विचारला जाणार. १६ मार्च २००३ रोजी अझोर्स बेटांवर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुश आणि ब्रिटनचे पंतप्रधान ब्लेअर यांच्याबरोबर उभ्या असलेल्या आस्नार यांचे छायाचित्र प्रत्येक स्पॅनिश माणसाला ठाऊक होते, आणि पाहण्यांनुसार देशातल्या दहापैकी नऊ जणांचा त्या युद्धाला विरोध होता. जे उत्तर सत्ताधाऱ्यांच्या सोयीचे होते तेच उत्तर पुराव्याच्या आधी आले होते. अशा वेळी नागरिकाने शंका घेतली तर त्यात वावगे काय?

या शंकेला मागचा अनुभवही होता. २००२च्या नोव्हेंबरात 'प्रेस्टीज' हे तेलवाहू जहाज गालिसियाच्या किनाऱ्याजवळ फुटले, तेव्हा सरकारने गळतीचे गांभीर्य कमी करून सांगितले आणि लोकांना मात्र काळा पडलेला किनारा डोळ्यांनी दिसत होता. २६ मे २००३ रोजी अफगाणिस्तानातून परतणाऱ्या ६२ स्पॅनिश सैनिकांचे विमान तुर्कस्तानात कोसळले, तेव्हा मृतदेह घाईघाईने कुटुंबांच्या हवाली करण्यात आले. त्यांतल्या ३० मृतदेहांची ओळख चुकीची असल्याचे पुढे सिद्ध झाले. पालक परक्याच्या मुलाच्या थडग्यावर फुले वाहत होते. ज्या कुटुंबांनी तेव्हा प्रश्न विचारले त्यांना सरकारने दाद दिली नव्हती. माद्रिदच्या मोर्चात विचारलेला प्रश्न एका दिवसात जन्मलेला नव्हता.

शनिवार हा कायद्याने प्रचारबंदीचा दिवस होता. त्या दिवशी दुपारपासून मोबाइलवर एक निनावी संदेश फिरू लागला. सत्तारूढ पॉप्युलर पार्टीच्या हेनोवा रस्त्यावरच्या मुख्यालयासमोर संध्याकाळी सहा वाजता जमावे, पक्षांचे झेंडे नकोत, सत्यासाठी शांतता पाळावी, आणि हा संदेश पुढे पाठवावा, एवढाच त्याचा आशय होता. हजारो माणसे जमली, रात्र होता होता इतर शहरांतही जमली, आणि शांततेऐवजी घोषणा झाल्या. त्या पक्षाचे पंतप्रधानपदाचे उमेदवार मारियानो राहोय यांनी दूरचित्रवाणीवर येऊन ही निदर्शने बेकायदा असल्याचे सांगितले. समाजवादी पक्षाचे रुबालकाबा यांनी, खोटे न बोलणारे सरकार मिळण्याची स्पॅनिश जनतेची योग्यता आहे, असे उत्तर दिले. हे वाक्य गाजले, आणि मला ते पटतेही. तरी प्रचारबंदीच्या रात्री एका राजकीय पक्षाने केलेले ते विधान होते आणि त्यालाही मतांचा हिशेब होता, हे विसरायचे कारण नाही. सरकारी वाहिनीने त्या रात्री ठरलेला कार्यक्रम बदलून एटाने केलेल्या हत्येवरचा माहितीपट दाखवला. आणि मध्यरात्रीनंतर आसेबेस यांना पुन्हा कॅमेऱ्यांसमोर यावे लागले : माद्रिदच्या एका मशिदीजवळ सापडलेल्या चित्रफितीत अल-कायदाच्या नावाने हल्ल्याची जबाबदारी घेण्यात आली होती.

रविवारी ७५ टक्क्यांहून अधिक मतदान झाले. चार वर्षांपूर्वी ते ६९ टक्क्यांच्याही आत होते. मतदानपूर्व चाचण्यांत पुढे असलेल्या पॉप्युलर पार्टीच्या जागा १८३ वरून १४८ वर आल्या, समाजवाद्यांना १६४ मिळाल्या आणि होसे लुईस रोद्रिगेस सापातेरो पंतप्रधान झाले. आस्नार स्वतः उमेदवार नव्हते. दोन कार्यकाळांनंतर थांबण्याचा शब्द त्यांनी पाळला होता, ही त्यांच्या प्रतिमेतली आणखी एक सन्मानाची बाजू होती. तरीही मत त्यांच्यावरच दिले गेले, असे त्या दिवसांचे वृत्तांत वाचताना जाणवते.

या निकालानंतर बाहेरच्या जगात, विशेषतः अमेरिकेत, स्पेनने दहशतवाद्यांपुढे गुडघे टेकले अशी टीका झाली. ती मला तेव्हाही अन्यायाची वाटली आणि आजही वाटते. इराकमधून सुमारे १,३०० सैनिक परत आणण्याचे आश्वासन सापातेरो यांनी हल्ल्याच्या कितीतरी आधी दिले होते. निवडणुकीनंतर हल्लेखोर शांतही झाले नव्हते. २ एप्रिलला माद्रिद-सेव्हिल जलदगती रेल्वेमार्गावर बाँब सापडला आणि दुसऱ्या दिवशी लेगानेस इथल्या एका घरात पोलिसांनी वेढलेल्या सात संशयितांनी स्वतःला उडवून दिले, त्यात एक पोलीस अधिकारी मारला गेला. मतदारांपैकी प्रत्येकाच्या मनात काय होते हे कोणी सांगू शकत नाही. युद्धाचा राग होता, भीतीही असेल. पण जे सर्वांना ऐकू आले ते एवढेच होते की, आमच्या माणसांच्या मृत्यूचे कारण आम्हाला खरे सांगा.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतरची अमेरिका याच्या शेजारी ठेवून पाहावी. गॅलपच्या चाचणीत राष्ट्राध्यक्ष बुश यांची लोकप्रियता हल्ल्याच्या आधी ५१ टक्के होती, ती दोन आठवड्यांत ९० टक्क्यांवर गेली. ढिगाऱ्यावर उभे राहून, एका अग्निशामक जवानाच्या खांद्यावर हात ठेवून, भोंग्यातून बोलणाऱ्या त्या माणसाला प्रश्न विचारणे तेव्हा जवळजवळ अशक्य होते. त्या विश्वासाच्या बळावर पुढे इराकचे युद्ध उभे राहिले, आणि ज्या संहारक अस्त्रांसाठी ते लढले गेले ती अस्त्रे सापडली नाहीत. माणसे वाईट होती म्हणून त्यांनी विश्वास ठेवला असे नाही; दुःखात आधार हवा असतो आणि नेत्याचा खांदा समोर असतो. पण तो आधार घेताना डोळे मिटले, तर त्याची किंमत दुसऱ्याच कुठल्या देशातल्या माणसांना मोजावी लागते.

संशयाची आणखी एक बाजू आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष केले तर हे सगळे लिहिणे अप्रामाणिक ठरेल. निवडणुकीनंतर स्पेनमध्ये उलट दिशेचा संशय फोफावला. हल्ल्याचा फायदा समाजवाद्यांना झाला, म्हणजे त्यामागे काहीतरी लपवले आहे, असे म्हणत काही वृत्तपत्रे आणि रेडिओवरचे भाष्यकार वर्षानुवर्षे 'न सुटलेली कोडी' छापत, बोलत राहिले. वायेकासची बॅग पोलिसांनीच ठेवली होती, स्फोटके एटाची होती, असे एकामागून एक दावे झाले. आस्नार यांनी २९ नोव्हेंबर २००४ रोजी हल्ल्याची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीपुढे तासन्‌तास साक्ष दिली आणि हल्ल्याचे सूत्रधार दूरच्या वाळवंटात किंवा डोंगरात नाहीत असे सूचक विधान केले, त्याने या मंडळींना बळ मिळाले. २००७मध्ये फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत खुल्या न्यायालयात खटला चालला, ३१ ऑक्टोबरला २१ जणांना शिक्षा सुनावली गेली. स्फोटके आस्तुरियासमधल्या एका खाणीतून चोरलेली होती आणि एटाचा सहभाग दाखवणारा पुरावा न्यायालयाला आढळला नाही. तरीही काहींचा संशय गेला नाही.

'फायदा कोणाला?' हा एकच प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारला गेला होता, मग एकाला मी योग्य आणि दुसऱ्याला घातक कसे म्हणते? मी यावर बराच विचार केला आहे. मोर्चातल्या माणसांनी पुरावा मागितला होता, आणि अटका झाल्या, चित्रफीत आली, तेव्हा ती शंका पुराव्याच्या मागे चालत गेली. दुसऱ्या संशयाला पुरावा दाखवला की तो पुराव्यावरच संशय घेत होता. त्याला आपल्या नेत्याची प्रतिमा वाचवायची होती. प्रतिमेवर शंका घेणे आणि प्रतिमेसाठी शंका घेणे या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात, म्हणून त्यांची उलटतपासणी व्हायला हवी.

मुंबईच्या लोकलने आयुष्यभर प्रवास केलेल्या माणसाला हे परक्या देशाचे वाटत नाही. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत सात स्फोट झाले, तेव्हा आतोचाची छायाचित्रे आम्हा अनेकांच्या डोळ्यांपुढे आली होती. १८०हून अधिक माणसे गेली. दुसऱ्या दिवशी गाड्या सुरू झाल्या, आम्ही त्यांत चढलो, आणि सर्व पक्षांच्या नेत्यांनी मुंबईच्या जिद्दीचे कौतुक केले. आम्ही कामावर गेलो कारण जावेच लागते, त्या जाण्याला आमचे मौन समजण्यात आले. हे कोणी केले, हा प्रश्न आमच्याकडून रस्त्यावर विचारला गेला नाही. तो तपास यंत्रणांवर आणि न्यायालयांवर सोपवला गेला. २०१५मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले, त्यातल्या पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष सोडले. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेलेले आहे, पण ज्यांच्या घरातले माणूस त्या संध्याकाळी परतले नाही त्यांच्यासाठी एकोणीस वर्षांनी प्रश्न पुन्हा पहिल्याच जागी आला. पहिल्या दिवशीच्या ठाम विधानांचा हिशेब आम्ही कोणाकडे मागितला नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते.

माद्रिदच्या लोकांनाही सगळी उत्तरे मिळाली असे नाही. स्फोटके मिळवून देणारा माजी खाणकामगार पोलिसांचा खबरी होता, त्या व्यवहाराशी संबंधित दुसरा एक जण सिव्हिल गार्ड या निमलष्करी पोलीस दलाचा खबरी होता. म्हणजे हल्ला घडवणाऱ्या साखळीचे धागे सुरक्षा यंत्रणांच्या हातापर्यंत पोहोचलेले होते. ते ओढले का गेले नाहीत, हा मृतांच्या दृष्टीने सर्वांत मोठा प्रश्न होता. संसदीय समितीचा वेळ मात्र एटा की अल-कायदा, आस्नार खोटे बोलले की समाजवाद्यांनी लोकांना भडकवले, याच वादात मोठ्या प्रमाणावर गेला. सापातेरो यांनी आधीच्या सरकारवर प्रचंड फसवणुकीचा आरोप केला, त्यांच्या विरोधकांनी तो उलटवला. दोन्ही बाजू तीन दिवसांतल्या आपापल्या वागण्याचे समर्थन करत राहिल्या.

१५ डिसेंबर २००४ रोजी त्या समितीपुढे पिलार मानहोन आल्या. त्यांचा वीस वर्षांचा मुलगा त्या गाडीत मारला गेला होता आणि हल्लाग्रस्तांच्या संघटनेच्या वतीने त्या बोलत होत्या. त्यांनी खासदारांना सुनावले की, आमच्या वेदनेचा तुम्ही पक्षांच्या भांडणासाठी वापर केला. साक्षी चालू असताना तुम्ही कशाला हसत होतात, असेही त्यांनी त्यांना विचारले. छिन्नविच्छिन्न देहांची छायाचित्रे पुन्हा पुन्हा दाखवणाऱ्या प्रसारमाध्यमांनाही त्यांनी सोडले नाही. आणि राजकारण्यांना वगळून स्वतंत्र तज्ज्ञांची समिती नेमावी अशी मागणी केली. समोर सत्ताधारी होते आणि विरोधकही होते, त्यांनी दोघांत भेद केला नाही. ती मागणी मान्य झाली नाही. समितीने पुढच्या वर्षी आपला अहवाल दिला आणि तोही सर्वानुमते नव्हता, पॉप्युलर पार्टीने त्याच्या विरोधात मत दिले.